बोकडाच्या माथ्यावर हात

निंबवाडे, ता. शिंदखेडा
२० फेब्रुवारी १९२७

चिरंजीव पितांबर यास मंजुळाबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र धनसिंग भाऊजी लिहीत आहेत, बोलते आहे मी. ते माझं बोलणं शाळेतल्या मराठीत बसवतात, तेव्हा अक्का अशी कधीपासून बोलायला लागली म्हणून हसू नकोस.

वनाला चौथं वर्ष लागलं. केस खांद्याखाली आलेत. विंचरायला घेतला की घर डोक्यावर घेतो. यंदा चैत्री पुनवेला भवानीच्या ओट्यावर त्याचं जाऊळ काढायचं ठरलं आहे. तो पोटात होता तेव्हाच मी भवानीआईला बोलले होते: हा जगला तर बोकड देईन आणि मामाच्या मांडीवर बसवून याचे केस देईन. आधीची तीन गेली, हे तुला सांगायला नको. हा जगला. आता बोललेलं फेडायचं.

मामा तू एकटाच. आपल्याला दुसरा भाऊ नाही, आणि चुलत कुणाला बसवायचं म्हटलं तर सासूबाई ऐकत नाहीत. बोललेलं सख्ख्या मामाचं होतं, असं त्या म्हणतात. तुझ्या कापसाच्या जिनाचा हंगाम तोवर संपत येतो. तू दोन दिवस आधी ये. वनासाठी काही आणू नकोस, फक्त ये.

वहिनी म्हणतात, पुढचं मी बोलते तसंच लिहा, म्हणून लिहितो: तुले मायनी आन शे भाऊ, येजो.

तुझी अक्का
मंजुळाबाई


जळगाव
२७ फेब्रुवारी १९२७

तीर्थरूप अक्कास पितांबरचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. वनाचे केस खांद्याखाली आले हे वाचून त्याला पाहावंसं वाटलं. पण अक्का, मी येऊ शकत नाही. आईची शपथ घालू नकोस.

मी ख्रिस्ती झालो त्याला पाच वर्षं झाली. तू तेव्हा रागावली नाहीस, एवढंच म्हणालीस की नाव बदललंस तरी मी पितांबरच म्हणेन. ते मी आजवर विसरलेलो नाही. पण आता माझ्या धर्माचे नेम मला पाळायला हवेत. मूर्तीपुढं बळी द्यायच्या कामात मी बसू शकत नाही. इथं आम्हाला शिकवायला अभिमन मास्तर आहेत. त्यांना विचारलं, ते म्हणाले, सरळ नाही म्हणून कळवा.

आणि मला स्वतःलाही ते पटत नाही. एका मुक्या जनावराच्या मानेवर सुरी फिरवल्यानं देव खूश होतो? तसला देव कसला? वना जगला तो देवाच्या दयेनं जगला, बोकडाच्या रक्तानं नव्हे. केस न्हाव्याकडून काढून टाका, पोराला आंघोळ घाला, गोडधोड करा. मी त्याला अंगरखा आणि टोपी पाठवतो.

घरात सर्वांना नमस्कार.

तुझा
पितांबर


निंबवाडे
६ मार्च १९२७

चिरंजीव पितांबर यास आशीर्वाद.

अंगरखा पाठवू नकोस. आला तर परत पाठवीन.

तू मला देवाचं शिकवतोस, तर मलाही तुला एक विचारायचं आहे. मागं मी जळगावला आले होते, तेव्हा तू मला मेहरूणचं तळं दाखवलंस आणि येताना तुमची प्रार्थनेची खोली दाखवलीस. भिंतीवर लाकडाला ठोकलेला माणूस होता. त्याच्या कुशीतून रक्त वाहत होतं, लाल रंगानं काढलेलं. मी डोळे मिटून घेतले. तू म्हणालास, अक्का घाबरू नकोस, हे देवाचं कोकरू. कोकरू म्हणजे मेंढीचं पोरच ना? आम्ही बोकड देतो, तो आमचा अडाणीपणा. आणि तुम्ही माणसाला कोकरू म्हणून त्याचं रक्त भिंतीवर रंगवता, आणि वर तू सांगतोस की तुमचे फादर दर वेळी ते रक्त पितात. मग रक्त कुणाच्या देवाला लागतं? तुझ्या की माझ्या?

उत्तर दे. मास्तरांना विचारून नको, तुझं तू दे.

तू येणार नाहीस हे मी अजून घरात सांगितलेलं नाही. बोकड दारात बांधलेला आहे. मीच त्याला लहानाचा मोठा केला. रात्री तो ओरडला की मी उठून बसते.

तुझी अक्का

ता. क. — हे माझं, धनसिंगचं. वहिनी लिहू देत नाहीत, म्हणून खाली बारीक लिहितो. वनाला महिन्याभरात दोनदा ताप चढून झटके आले. आई म्हणते, नवस अंगावर ठेवला म्हणून होतं. सगळा रोख वहिनींवर असतो. विचार करा.


जळगाव
२१ मार्च १९२७

तीर्थरूप अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र खिशात घेऊन मी जिनात जात होतो. इंजिनाला तेल घालताना तुझा प्रश्न ऐकू यायचा. लोकांना मी किती वेळा सांगितलं असेल की तो आमच्यासाठी बळी गेला, आणि बळी म्हणजे काय याचा मी कधी विचारच केला नव्हता.

काल फादर भुसावळहून आले होते. मिस्सा, म्हणजे आमची पूजा, झाल्यावर मी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. गाडीला वेळ होता. बाकावर बसून तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. वाटलं, रागावतील. ते आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले, "बहीण बरोबर विचारते. तुम्ही चूक लिहिलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला जमेल तसं लिहितो. धनसिंग भाऊ, सावकाश वाचून दाखवा.

येशू ज्या लोकांत जन्मला ते इस्राएल लोक. ते शेकडो वर्षं देवाला जनावरं देत आले. बैल, मेंढा, बोकड, आणि ज्याच्याकडे काही नाही तो पारव्याची जोडी. जनावर आपल्याच कळपातलं लागायचं, आणि खोड नसलेलं. लंगडं, आंधळं चालत नसे. आणणारा माणूस देवळाच्या अंगणात उभा राहायचा आणि जनावराच्या माथ्यावर हात ठेवायचा. दाबून ठेवायचा. म्हणजे हा माझा, आणि याच्याबरोबर मी. मग तोच ते कापायचा. याजक, म्हणजे त्यांचा पुजारी, फक्त रक्त घेऊन वेदीला वाहायचा. रक्त म्हणजे जीव, आणि जीव देवाचा, म्हणून रक्ताचा थेंबही कुणी चाखायचा नाही असा सक्त नेम. काही बळी सबंध जाळून टाकत. पण एक प्रकार उपकार मानायचा होता. त्यात थोडं देवाला, थोडं याजकाला, आणि उरलेलं घरच्या सगळ्यांनी देवापुढं बसून भाकरीबरोबर खायचं.

मी विचारलं, "देवाला हे हवं होतं?" फादर म्हणाले, "देवाला भूक नव्हती. माणसांना काही देता येत नव्हतं, म्हणून देवाने द्यायला शिकवलं. मूल कसं बापाचीच वस्तू बापाला देतं, तसं." पुढं त्या लोकांतल्याच संतांनी त्यांना सुनावलं की देवाला तुमच्या जनावरांची चरबी नको, तुमचं मन हवं.

आणि अक्का, त्यांचा मोठा सण चैत्री पुनवेच्याच चंद्राला येतो. घरोघर कोकरू कापायचे. त्याच सणात येशूनं भाकर हातात घेतली आणि म्हणाला, हे माझं शरीर. पेला घेतला आणि म्हणाला, हे माझं रक्त, प्या. ज्यांना रक्ताचा थेंब मना होता, त्यांना! फादर म्हणाले, इथंच सगळं उलटलं. आजवर माणूस जीव देवाला वाहत होता, आता देव आपला जीव माणसाला देतो. दुसऱ्या दिवशी त्याला लाकडावर ठोकलं. तो एकच बळी, एकदाच. मिस्सा म्हणजे नवा बळी नव्हे, तोच, आमच्यापुढं ठेवलेला.

गाडीचा धूर दिसायला लागला तेव्हा ते उठता उठता म्हणाले, "बोकड सोपा होता, पितांबर. तो तुमच्या जागी जात होता. आता कोणाला पाठवणार? मिस्साला तुम्ही काय घेऊन येता?"

अक्का, मी कालपासून तोच विचार करतो आहे. धुतलेला सदरा घालून जातो, गुडघे टेकतो, परत येतो. काय घेऊन जातो मी?

तुझं उत्तर हे एवढंच आहे. मी तुला अडाणी म्हटलं ते मागं घेतो.

तुझा
पितांबर


निंबवाडे
२८ मार्च १९२७

चिरंजीव पितांबर यास अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भाऊजींनी मला वाचून दाखवलं, मग सासूबाईंना, आणि मग चावडीवर सगळ्यांना. मामंजी म्हणाले, म्हणजे हे लोक आपल्यासारखेच की. पुनवही तीच! फारुख मुलाणी तिथंच बसला होता. तोही म्हणाला, आमच्याकडेही बकरा घरी पाळलेला आणि खोड नसलेला लागतो. सगळे खूश झाले. सासूबाई मला कितीतरी दिवसांनी नीट बोलल्या.

तू आधी सरळ का नाही लिहिलंस, की तुमच्या देवालाही बोकड चालत होते? मी उगाच तुझ्यावर चिडले. आता कसलीच अडचण उरली नाही. तुमच्या मोठ्या फादरनीच सांगितलं, म्हणजे मास्तरही काही म्हणणार नाहीत. पुनव शनिवारी आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ये. धनसिंग भाऊजी शिंदखेडा स्टेशनवर गाडी घेऊन येतील.

माथ्यावर हात ठेवायचं मला फार आवडलं. आमच्यात तसं नाही. आमच्यात फक्त पाणी शिंपडतात आणि त्यानं अंग झाडायची वाट बघतात, झाडलं की देवीनं मानलं.

तुझी अक्का


जळगाव
४ एप्रिल १९२७

तीर्थरूप अक्कास नमस्कार.

घात झाला. मी असं म्हटलं नव्हतं. तू माझं पत्र भलतीकडेच नेलंस.

ते लोक जनावरं देत होते, पण ते सगळं त्या एका बळीपाशी येऊन संपलं. दिवा लागला की आपण काडी विझवतो ना, तसं. आता परत बोकड द्यायचा म्हणजे तो बळी पुरेसा नव्हता असं म्हणणं. शिवाय तो भवानीला. अभिमन मास्तरांच्या कानावर गेलं तेव्हा ते मला म्हणाले, "तू त्या ओट्यावर पाऊल ठेवलंस तर ईस्टरला प्रसाद घ्यायला उठू नकोस. मी फादरना सांगीन." आणि ती पुनव म्हणजे ईस्टरचा आदला दिवस, अक्का. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस.

मी कसा येऊ?

वनाच्या झटक्यांबद्दल तू मला एका अक्षरानं लिहिलं नाहीस. मला कळलं आहे. कुणाकडून ते विचारू नकोस. दोंडाईच्याच्या डॉक्टरला दाखवलं का? त्याला घेऊन इकडे ये ना. इथल्या दवाखान्यात दाखवू.

मी नाही येत. तू मला विचारू नकोस, मला नाही म्हणायला लावू नकोस. मला सुचेनासं झालं आहे.

पितांबर


कार्ड. जळगाव, १३ एप्रिल १९२७

अक्कास नमस्कार. माझ्यामुळं तुला घरात बोल लागू नये म्हणून येतो. शुक्रवारच्या गाडीने. वनाला मांडीवर घेईन. त्यापुढचं काही मागू नको. बोकडाला हात लावणार नाही आणि मटण खाणार नाही. घरात आधीच सांगून ठेव. — पितांबर


निंबवाडे
२४ एप्रिल १९२७

चिरंजीव पितांबर यास आशीर्वाद.

तू न सांगता निघून गेलास. गर्दीत मी तुला शोधत होते. कुणीतरी म्हणालं, तो काय, शिंदखेड्याच्या वाटेला लागला. तुझी पाठ दिसली. हाक मारली नाही.

तू आलास, वनाला मांडीवर घेतलंस, त्याचे केस तुझ्या धोतरावर पडले. मी तेवढ्यानं भरून पावले होते. तो रडला नाही. तुझ्या सदऱ्याचं बटण चावत बसला.

नंतरचं तू अर्धंच पाहिलंस. बोकडावर पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, सगळे वाट बघत उभे राहिले. तो अंग झाडेना. पुन्हा पाणी. ऊन चढलं. बोकड आपला गळ्यातला हार खात उभा. फारुख मुलाणी सुरी खाली ठेवून बसला, म्हणाला, झाडल्याशिवाय मी हात लावत नाही. तेव्हा सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ख्रिस्तावनी मांडी लागनी, आते देवी कशी मानी?" ते तू ऐकलंस. मला माहीत आहे तू त्याच्यामुळं गेलास. तू गेलास तर तो झाडेल, असं वाटलं ना तुला?

तू गेलास तरी त्यानं झाडलं नाही, भाऊ.

मग बायका कुजबुजायला लागल्या की दोष आईतच असणार. आधीची तीन का गेली, कुणाच्या पायगुणानं गेली. सासूबाईंनी एकीलाही अडवलं नाही. मला तिथं उभं राहवेना. मला तुझं पत्र आठवलं. मी पुढं गेले आणि त्याच्या माथ्यावर, दोन्ही शिंगांच्या मध्ये, हात ठेवला. दाबून ठेवला. बाईमाणसानं पुढं व्हायचं नसतं तिथं, पण मला कुणी अडवलं नाही. मी मनात म्हटलं, आई, हा माझा आहे आणि याच्याबरोबर मी आहे. तुला कुणीतरी हवंच असेल तर मला घे, माझ्या वनाला सोड.

आणि मला कापरं भरलं. पायापासून वर. हात थांबेना. तेवढ्यात बोकडानं सबंध अंग झाडलं. लोक ओरडले, मानलं, मानलं! ढोल वाजला. मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हटलं.

सगळे म्हणतात देवीनं कौल दिला. तुला एकट्याला सांगते. भाऊजींना म्हटलं, हे गावात सांगू नका, तर ते म्हणाले, लिहितो, पण कुणाला सांगणार नाही. ती थरथर मनी व्हती, भाऊ. माझ्या हातातून त्याच्यात गेली.

रात्री जेवणं झाली. गाव जेवलं. वनानंही खाल्लं. माझ्या घशाखाली उतरलं नाही.

तुझी अक्का


जळगाव
२ मे १९२७

तीर्थरूप अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी उठून बाहेर गेलो आणि मेहरूणच्या तळ्याला फेरी मारून आलो. मग पुन्हा वाचलं.

मी पळालो हे खरं. तुझ्या सासूबाईंच्या बोलण्यानं निघालो, हेही खरं. पण मनात दुसरंही होतं. आत्ता निघालो तर सकाळी भुसावळला ईस्टर गाठता येईल, असा हिशोब मी त्या ओट्यापाशी उभा राहून केला. तुला गर्दीत एकटी सोडून.

गाठला ईस्टर. देवळाच्या दारात अभिमन मास्तर फादरशी बोलताना दिसले. फादरनी मला बाजूला बोलावलं. "बळीला हात लावला?" नाही. "खाल्लं?" नाही. "मग का गेलात?" बहिणीसाठी. त्यांचा चेहरा कठीण झाला. म्हणाले, "आज प्रसादाला येऊ नका. मी पुन्हा जळगावला आलो की बोलू." मी मागं जाऊन बाजूच्या दाराशी उभा राहिलो. फार लागलं. वाटलं, तिकडे माझ्यामुळं बोकड झाडत नाही आणि इकडे बोकडामुळं मला भाकर नाही.

पण त्या दारातून मला एक दिसलं, जे एरवी कधी दिसत नाही. मिस्सा म्हणताना फादरची पाठ आमच्याकडे असते. त्या दिवशी मी बाजूला होतो. मधेच घंटी वाजली आणि फादरनी दोन्ही हात भाकरीवर आणि पेल्यावर पसरले. तळवे खाली, अंगठे एकमेकांवर. माथ्यावर ठेवतात तसे. पाच वर्षं मी मिस्साला जातो आहे आणि हे मला माहीत नव्हतं. 

आज तुझं पत्र आलं आणि मला ते हात समजले. फादर आमचा सगळ्यांचा हात तिथं ठेवत होते. मी आजवर लांबून बघत होतो, हात खिशात घालून. अक्का, तू कोणत्या ओट्यावर उभी होतीस यावर आपलं कधी पटणार नाही. पण बळी काय असतो ते तुला कळलं, मला नाही. तू स्वतःला दिलंस. आता तू तुझी राहिली नाहीस. ज्यानं एकदा असं दिलं त्याला परत घेता येत नाही.

वना कसा आहे?

तुझा
पितांबर


निंबवाडे
२५ मे १९२७

रा. रा. पितांबर भाऊ यांस धनसिंगचा रामराम.

हे पत्र वहिनींनी सांगितलेलं नाही.

वना चांगला आहे. झटके पुन्हा आले नाहीत. पण वहिनी आठ मेपासून अंथरुणावर आहेत. मुदतीचा ताप म्हणतात. दोंडाईच्याचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, ताप उतरणीला लागला आहे, आता पोटात जायला हवं. दूध, पेज, काहीही पातळ. आणि वहिनी काही घेत नाहीत. औषध तोंडात धरतात आणि आम्ही वळलो की थुंकतात. आमचे थोरले दादा रागावून झाले, रडून झाले.

काल मी त्यांना विचारलं, वहिनी, असं का करता? तर तुमचं पत्र उशाखालून काढून मला म्हणाल्या, "भाऊनीच लिहिलंय. मी आता माझी नाही. परत घेता येत नाही. मी बोलले होते, मला घे म्हणून. ती न्यायला आली आहे, तर मी जेवून तिला फसवू का? मी जगले तर ती वनाकडे वळेल."

भाऊ, त्या शांत आहेत. त्याचीच भीती वाटते.

तुम्ही येऊ नका. आईनं वनाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं आहे की तुम्ही उंबऱ्यात दिसलात तर ती वहिनींची खाट गोठ्यात हलवील. पण पत्र लिहा. तुमचं पत्र त्या ऐकतात. लवकर लिहा.

धनसिंग


शिंदखेडा स्टेशन
२८ मे १९२७

अक्का,

पत्र टपालात टाकायला धीर नव्हता, म्हणून मीच घेऊन आलो. स्टेशनवर थांबलो आहे. गावात येत नाही. बाजाराला आलेल्या तुमच्या गावच्या गाडीवानाजवळ देतो आहे. धनसिंग भाऊ, हे सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. तुमच्या आईंना, भिकुबाईंनाही जवळ बसवा.

अक्का, मी तुला अर्धंच लिहिलं. जे मला सुंदर वाटलं तेवढंच लिहिलं आणि मग आपल्याच शब्दांवर खूश होऊन बसलो. आता उरलेलं ऐक. मी गाडीत बसल्यापासून हेच मनात घोळवत आलो आहे.

ते इस्राएल लोक माथ्यावर हात ठेवायचे ना? मग पुढं काय व्हायचं? हात ठेवणारा मरत नसे, अक्का. एकही नाही. शेकडो वर्षांत एकाही माणसाला देवानं म्हटलं नाही की आता जनावर झालं, तूही ये. त्यांच्या एका मोठ्या म्हाताऱ्यानं आपल्या एकुलत्या पोरावर सुरी उचलली होती, तर देवानं वरून ओरडून त्याचा हात धरला. बळी देणारा माणूस हात धुऊन घरी जायचा. बायकापोरांत बसायचा. आणि उपकाराचा बळी असेल, तुझ्यासारखा, जगलेल्या पोरासाठी, तर त्याला तिथंच देवापुढं बसून जेवावं लागायचं. लागायचं! तो नेम होता. मांस दुसऱ्या दिवसावर ठेवायची परवानगी नव्हती. का, तर सगळ्यांना बोलवा, आजच खा, कुणी उपाशी राहू नका. जेवल्याशिवाय बळी पुरा होत नसे.

तू हात ठेवलास आणि जेवली नाहीस. तुझं तिथंच अडलं आहे.

स्वतःला देणं म्हणजे मरणं, असं मी लिहिलं का? लिहिलं असेल, तर मला काही कळत नव्हतं. आमच्या मिस्सातही बळीनंतर थांबत नाहीत. फादर वळतात आणि भाकर वाटतात. सगळं त्या भाकरीसाठी असतं. गेल्या रविवारी फादर जळगावला आले. मला म्हणाले, ईस्टरला तुम्हाला मागं ठेवलं, त्यानंतर मलाही झोप लागली नाही. आणि या वेळी त्यांनी मला बोलावलं, "या, जेवा." तरी मी जागचा हललो नाही. मी म्हटलं, माझी बहीण तिकडे जेवलेली नाही. तेव्हा तू आजारी आहेस हेही मला माहीत नव्हतं. तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य तेवढं डोक्यात होतं.

तू तुझी नाहीस, हे मी अजूनही म्हणतो. पण म्हणून तुला मरायचा हक्क नाही, असा त्याचा अर्थ. तू वनाची आहेस. दादांची आहेस. माझी आहेस. दिलेला जीव देव ठेवून घेत नाही, अक्का. तो परत हातात देतो आणि म्हणतो, जा, जग.

दूध घे. माझ्यासाठी नको, बळी पुरा करायला घे.

मी इथंच आहे. उत्तर येईपर्यंत गाडीत चढणार नाही.

पितांबर


निंबवाडे
२९ मे १९२७

भाऊ, धनसिंगचा रामराम. घाईत लिहितो, गाडीवान थांबला आहे.

सांगितल्याप्रमाणे सगळ्यांसमोर वाचलं. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "तिथंच अडलं आहे" हे वाचून झालं. मग आई उठली. मला वाटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुरू होणार. ती चुलीपाशी गेली, पेज घेऊन आली, खाटेवर बसली आणि वहिनींचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. म्हणाली, "बठ्ठा गाव जेवना त्या दिनले. तू जेवनी का, मी इचारंच नही." आईनं हातानं भरवलं. अर्धी वाटी गेली. सकाळी परत थोडी गेली, आणि औषधही.

वनाला जवळ बसवलं होतं. तोही वाटी मागत होता.

आता वहिनी बोलतात ते लिहितो.

पितांबर, मी घेतली पेज. बळी पुरा झाला असेल तर झाला. तुझं म्हणणं पटलं म्हणून नाही, सासूबाईंचा हात कापत होता म्हणून घेतली.

पण पडल्या पडल्या माझ्या डोक्यात एक येतं. देव जीव ठेवून घेत नाही, परत देतो, असं तू लिहिलंस. मग माझी पहिली तीन कुठं आहेत? ती कुणी नेली? त्यांच्या वेळी मी कुठं हात ठेवायचा होता? तुझ्या फादरना विचार. मास्तरांना नको.

अक्का


शिंदखेडा स्टेशन
२९ मे, संध्याकाळ

अक्का,

गाडीवान परत निघाला आहे, त्याच्याच गाडीत बसून हे लिहितो. बैल जुंपायचे आहेत.

फादरना विचारीन, पण त्यांच्याकडे याचं उत्तर असेल असं मला वाटत नाही. माझ्याकडे तर नाहीच. इतके दिवस तुला उत्तरं लिहीत आलो आणि एकेका उत्तरानं तुला खड्ड्यात घातलं. हे एक तसंच राहू दे. मी येऊन तुझ्याजवळ बसतो. ती तिघं कशी होती, ते तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. थोरलीचं तर मला नावही नीट आठवत नाही. ते सांग.

हे पत्र माझ्याच खिशात येतं आहे, म्हणजे तुला ते मीच वाचून दाखवणार. भिकुबाईंना आधीच सांगायला हवं होतं, आता वेळ नाही. दारातच सांगेन: ओसरीवर बसवा, नाहीतर अंगणात बसवा. पण या वेळी मी जेवल्याशिवाय उठणार नाही.

पितांबर